शिडाच्या होडीलाही बेटांची वाट मोकळी करा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लक्ष्मीपुरीत माझं ताडपत्रीचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बघतो. ट्रकच्या ताडपत्र्या, लग्नाच्या मांडवाची कापडं, गुऱ्हाळावरची छपरं, पावसाळ्याआधी घरांना लावायचे पडदे, असं सगळं आम्ही शिवतो. समुद्राशी माझा संबंध कोल्हापुरातल्या कुठल्याही घराचा असतो तेवढाच होता. वर्षातून एकदा गाडी काढायची, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत मालवण गाठायचं, सुरमईचं ताट, सोलकढी, बोटीतून किल्ला आणि दुसऱ्या दिवशी परत. तरीही हे पत्र समुद्राबद्दल आहे, शिडाच्या होडीला प्रवासी न्यायचा परवाना मिळावा म्हणून आहे आणि फार मनापासून लिहिलेलं आहे. थोडं लांबलं आहे, पण कात्री लावण्याआधी एकदा पूर्ण वाचावं ही विनंती.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ आले. खांद्यावर पोतं. आमचा पत्ता कुठं मिळाला विचारलं, तर म्हणाले, देवगडचा आंबा घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात येणाऱ्या ट्रकच्या ताडपत्रीवर तुमच्या दुकानाचं नाव वाचलं. पोत्यातून त्यांनी एक जुनं शीड काढलं आणि फरशीवर पसरलं. सुती कापड, खाऱ्या पाण्यानं ताठ झालेलं, जागोजाग ठिगळं आणि मधोमध हातभर फाटलेलं. ते मालवणकडचे गाबीत, म्हणजे मासेमार समाजातले, तीन पिढ्यांचे तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. पूर्वी ज्यांच्याकडून शिडं शिवून घ्यायचे ते वारले, त्यांच्या मुलांनी धंदा धरला नाही. किनाऱ्यावर बहुतेकांनी होड्यांना इंजिनं बसवली. यांच्याकडे मात्र वडिलांच्या वेळची लाकडी होडी अजून आहे आणि ती शिडावरच चालते.

मी म्हटलं, काका, त्यात काय एवढं, त्रिकोणी ताडपत्री ती, चार दिवसांत देतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "शीड म्हणजे चादर नाय, शेट. तेका पोट व्हया."

हे पोट म्हणजे काय ते समजायला मला तीन आठवडे लागले. आमच्या धंद्यात ताडपत्रीला पोट आलं की ती वाया गेली. पोटात पाणी साचतं, वजनानं कापड फाटतं, खालचा माल भिजतो. तीस वर्षं मी पोट येऊ नये म्हणून शिवत आलो. शिडाचं उलटं. सपाट शिडात वारा नुसता आदळतो आणि निसटतो. पोट असेल तर तो शिडाच्या अंगावरून वळून जातो आणि होडीला पुढं ओढतो. हे पोट कापड सैल सोडून येत नाही, ते शिवणीत आणावं लागतं. पट्ट्याची कड सरळ न कापता तिला अर्ध्या बोटाची गोलाई द्यायची आणि ती शेजारच्या पट्ट्याच्या सरळ कडेला जोडायची. असे सगळे पट्टे जोडत गेलं की शीड टेबलावर सपाट बसतच नाही, मध्ये फुगून राहतं. पहिल्यांदा ते तसं बसलं नाही तेव्हा शिवणीत चूक झाली असं वाटून मी दोन पट्टे उसवले होते.

कापड इचलकरंजीहून आणलं, जाड सुती. काकांनी नायलॉन नको म्हणून सांगितलं होतं. पट्टे कुठल्या दिशेनं लावायचे हेही जुन्या शिडावरूनच कळलं. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ताणत नाही, तिरकस ओढलं की मात्र रबरासारखं लांबतं, हे आमच्याकडच्या शिकाऊ पोरालाही माहीत असतं. शिडाची मागची कड मोकळी असते, वाऱ्याचा सगळा ओढ तिच्यावर येतो. म्हणून उभा धागा त्या कडेला समांतर ठेवायचा. शेवटी सगळ्या कडांना दोर शिवायचा. तो मशिनवर होत नाही, मेण लावलेल्या दोऱ्यानं हातानंच घालावा लागतो. सुई दाबायला तळहाताला चामड्याची पट्टी लागते, ती मी चप्पल लाईनमधल्या एका मित्राकडून करून घेतली. दोर ताणून धरायचा आणि कापड किंचित सैल सोडत टाका घालायचा. सगळ्या कडा पुऱ्या व्हायला माझी पाच रात्रींची झोप गेली.

फेब्रुवारीत शीड घेऊन मी मालवणला गेलो. काकांनी पैसे दिले, पण म्हणाले, शिवणाऱ्यानं शीड वाऱ्यात बघितल्याशिवाय जायचं नाही. एका दिवसासाठी गेलो होतो, तीन दिवस राहिलो. त्या तीन दिवसांमुळे हे पत्र लिहितो आहे.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई. परीक्षेला दोन मार्कांचा प्रश्न. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा तो मतलई माझ्या मानेवर लागला. रात्रभर जमीन थंड होते, पाणी तेवढं होत नाही, म्हणून पहाटे डोंगराकडून खाली समुद्राकडे गार वारा सुटतो. त्याला मातीचा, धुराचा, शेणाचा वास होता. काकांनी परमण वर ओढली. परमण म्हणजे शीड ज्याला बांधलेलं असतं ती लांब तिरकी काठी, जवळजवळ होडीएवढीच लांब. माझं शीड उघडलं, एकदा फडफडलं आणि पोट धरलं. काकांनी फक्त "वारो इलो" एवढंच म्हटलं. होडी सरकायला लागली आणि कुठलाही आवाज आला नाही. पाण्याचा येतो तेवढाच. मी शिवलेल्या एकेका टाक्याकडे बघत होतो.

पहिल्या दिवशी सिंधुदुर्गाला बाहेरून वळसा घातला. या किल्ल्यात मी निदान बारा वेळा गेलो असेन. धक्क्यावरून बोटीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत दरवाजा, आत गेलं की शिवराजेश्वर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा, फोटो, परत. किल्ला मुळात समुद्रातून येणाऱ्यासाठी बांधला आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शिडाच्या होडीतून, वाऱ्याच्या कलानं, बाहेरच्या अंगानं हळूहळू येताना काळ्या तटाची भिंत सलग दिसत राहते. दरवाजा कुठं आहे ते कळतच नाही. तो दोन बुरुजांच्या वळणात आत दडवलेला आहे. काकांनी मला मुद्दाम विचारलं, सांगा, आत कुठून जाणार? बारा वेळा आत गेलेला माणूस मी, मला बोट दाखवता आलं नाही. परक्या जहाजावरच्या माणसाचं काय होत असेल ते तेव्हा समजलं. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा करून 25 नोव्हेंबर 1664 ला या कुरटे बेटावर काम सुरू झालं, हे आपण पुस्तकात वाचतो. पण बेट का निवडलं आणि तट तसाच का वळवला हे इंजिनाच्या बोटीतून दिसत नाही, कारण ती थेट दारातच नेऊन सोडते. शेजारी पद्मगडाचं बेट आहे, जिथं पूर्वी जहाजं बांधली जात. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते. शिडाच्या होडीला भरती-ओहोटी बघूनच तिथून जावं लागतं, म्हणून ती बघायला मीही शिकलो.

इथं एक गोष्ट कोल्हापूरकरांसाठी मुद्दाम लिहितो. आपण स्वतःला घाटावरचे म्हणतो. कुस्ती, ऊस, गूळ, पंचगंगा यातच आपलं सगळं. पण सिंधुदुर्ग आणि मालवण बंदर कित्येक वर्षं कोल्हापूरच्या गादीकडे होतं आणि कोल्हापूरचं स्वतःचं आरमार त्या बंदरात उभं होतं. 1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही देऊन टाकलं, आणि पुढं तह होऊन तो परत कोल्हापूरकडे आला. इंग्रजांच्या कागदांत आपल्या या आरमाराला चाचे म्हटलेलं आहे. शेवटी 1812 च्या तहात मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत कोल्हापूरच्या दौलतीत शिडं होती, डोलकाठ्या होत्या, ती शिवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं होती. माझ्या धंद्याचा कुणी पूर्वज तिथं बसून शिडं शिवत असेल. माझ्या दोन्ही मुलांना पानिपत तोंडपाठ आहे, पन्हाळगड-पावनखिंड पायी केलेली आहे, पण कोल्हापूरला आरमार होतं हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मलाही तांडेलकाकांनीच सांगितलं आणि घरी येऊन मी खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निवतीकडे. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना तोंडावर. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडात सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणाला परमण डोलकाठीच्या एका अंगानं दुसऱ्या अंगाला न्यावी लागते. त्यात दोघांची ताकद लागते आणि चुकलं तर काठी डोक्यात. म्हणून जुने लोक परतीला दुपारच्या वाऱ्याशी भांडत बसायचे नाहीत, पहाटेच्या मतलईची वाट बघायचे. तो पूर्वेकडून, म्हणजे होडीच्या कुशीतून येतो, मग दक्षिण असो की उत्तर, दोन्हीकडे जाता येतं. काकांचं सगळं वेळापत्रक असं वाऱ्यावर बांधलेलं. जेवण, झोप, निघणं, थांबणं, सगळंच.

देवबागच्या संगमाजवळून गेलो तेव्हा कर्ली नदीच्या तोंडातल्या त्या वाळूच्या पट्टीवर, जिला सगळे त्सुनामी बेट म्हणतात, वॉटर स्पोर्ट्सचा दणका चालू होता. पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग. मी त्या लोकांच्या पोटावर पाय द्यायला हे लिहीत नाही, त्यांची घरं त्यावर चालतात. पण तिथून तासाभरानं, मोकळ्या पाण्यात, आमच्या होडीच्या उलांडीजवळ डॉल्फिन आले. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला काढून बांधलेला लाकडाचा ओंडका. काका त्या प्राण्याला गादा म्हणतात. एक, मग तीन, मग पिल्लू. मी याआधी इंजिनाच्या बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेलेल्या फेरीत बसलो आहे. तिथं पाच बोटी एका कळपामागं लागतात आणि आपल्याला लांबून पाठ दिसते. इथं आम्ही कुणाच्या मागं लागलो नव्हतो. ते स्वतः आले, श्वास सोडल्याचा फुस्स असा आवाज अगदी कानाशी आला, आणि वाटलं तेव्हा निघून गेले. मी कोल्हापुरातून नेलेलं भडंग हातात धरून तसाच बसून राहिलो होतो.

रात्री निवतीला काकांच्या लेकीकडे मुक्काम. उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचं तिखट. याहून जास्त काही लिहीत नाही, पण त्या पेजेची चव अजून तोंडात आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निवती रॉककडे निघालो. हा खडकांचा समूह किनाऱ्यापासून बराच आत आहे, नकाशात वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, तिथं दीपगृह आहे. जाताना मतलई थेट पाठीशी. दिवस उजाडताना खडक दिसायला लागले आणि त्यांच्यावर पाखरांचे थवे. इथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळी घरटी करते, स्वतःच्या लाळेनं खडकाला चिकटवलेली छोटी वाटीसारखी घरटी. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, पैसे भरपूर मिळतात, म्हणून इथली घरटी चोरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मी बालिशपणानं विचारलं, उतरायचं का? काका म्हणाले, "हयसर उतराचा नाय." आणि सुकाणू फिरवून खडकांना लांबूनच वळसा घातला. बेटं बघायची म्हणजे प्रत्येक बेटावर पाय ठेवायचाच असं नाही, हे त्यांना कुठल्या फलकावर वाचावं लागलं नव्हतं.

आता एक गोष्ट लपवत नाही, कारण लपवली तर माझं म्हणणं अर्धं राहील. परतीला दहा वाजता वारा पडला. मतलई संपलेला, खारा अजून सुटलेला नाही. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. पाण्याच्या ओढीनं होडी हळूहळू खडकाच्या बाजूला सरकत होती. वल्ही मारून आम्ही दोघं दमलो, माझ्या हाताला फोड आले. काका शांत होते, "थांब, वारो येतलो" म्हणत होते, पण मी मनातून घाबरलो होतो. शेवटी एका मासेमारी होडीनं, तिला पाठीमागं इंजिन होतं, आम्हाला दोर टाकून मोकळ्या पाण्यात ओढून नेलं. साडेबाराला खारा वारा आला आणि आम्ही शिडावर घरी आलो. म्हणून मी इंजिनं बंद करा असं म्हणत नाही. शिडाच्या होडीवरही अडचणीपुरतं छोटं इंजिन असावं, निदान जवळपास मदतीला एक इंजिनाची होडी असावी, अंगात लाईफ जॅकेट सक्तीनं असावं. आम्ही नदीकाठची माणसं आहोत. 2019 च्या पुरात सांगलीकडच्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून काय झालं ते आम्ही जवळून बघितलं आहे. 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली तेव्हाही इथल्या घराघरांतून फोन गेले होते. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडलेले लोक आमच्या गल्लीत आहेत. पाण्याचा धाक आम्हाला कुणी शिकवायला नको.

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या तीन दिवसांचे काकांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, कारण त्यांना घेता येत नाहीत. प्रवासी न्यायचे म्हणजे परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. काका त्यासाठी एका कार्यालयात चार वेळा गेले. फॉर्मवर इंजिनाचा नंबर, इंजिनाची ताकद, इंधनाची टाकी असे रकाने. काकांनी ते कोरे ठेवले. टेबलावरच्या माणसानं अर्धवट भरलेला अर्ज म्हणून परत दिला. इंजिन नाही असं लिहून दिलं तर म्हणाले, बिनइंजिनाची होडी प्रवाशांना नेऊच शकत नाही, तसा रकाना नाही. काका मला म्हणाले, "इंजिन नाय तर नंबर खयसून हाडू?" त्यांच्या आजोबांनी, पणजोबांनी याच पाण्यात हजारो माणसं आणि माल शिडावर नेला आहे. घाटावरचा गूळ खाली जात होता, मीठ, नारळ, सुकी मासळी वर येत होती, आणि बंदराबंदरांतून त्याची ने-आण करणाऱ्या मचव्यांना, पडावांना कुणी इंजिनाचा नंबर विचारला नव्हता.

माझी शासनाला आणि किनाऱ्यावरच्या संबंधित खात्यांना हात जोडून विनंती आहे. शिडाच्या होड्यांसाठी वेगळा रकाना करा. त्यांची तपासणी करा, कडक करा. लाकूड बघा, शीड बघा, माणसं किती बसवायची ते ठरवा, तांडेलाची परीक्षा घ्या, पोहता येतं का बघा, हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी कुणालाही सोडू नका. पावसाळ्यात 26 मे ते 31 ऑगस्ट किनाऱ्यावरचं जलपर्यटन तसंही बंदच असतं. माझ्या मते एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा फार जोरात असतो, तेव्हा नवख्यांना शिडावर नेऊच नये. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ पुरे. पण तेवढ्या काळात तरी सिंधुदुर्गाला वळसा, पद्मगड, देवबाग, निवती, लांबूनच निवती रॉक, आणि उत्तरेला देवगड, विजयदुर्ग, असा वाऱ्याच्या चालीनं दोन-तीन दिवसांचा प्रवास माणसांना कायद्यानं करता आला पाहिजे. झांझिबारला अशाच तिरक्या शिडाच्या होड्या पर्यटकांना बेटाबेटांवरून नेतात. त्या होड्यांची आणि आपल्या होड्यांची आजी एकच, मोसमी वाऱ्यावर दोन्ही किनारे एकमेकांकडे जात-येत होते. तिथं ते लोक ती होडी दाखवून घर चालवतात, आपण ती वाळूवर कुजू देतो.

आणि नांगराचं काहीतरी करा. सिंधुदुर्गाच्या भोवती प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालीच जाहीर झालं आहे, ते याच पाण्यात. तिथं दररोज किती नांगर पडतात ते मी तीन दिवसांत बघितलं. इंजिनाची होडी असो, शिडाची असो, लोखंडाचा नांगर प्रवाळावर पडला की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात तुटते. ठराविक जागी तळाला पक्के बांधलेले बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पिंप, टाकले तर होडी दोरानं बोयाला बांधता येईल, नांगर टाकायची गरज राहणार नाही. खर्च फार मोठा नाही. काकांनी तर स्वतः प्लॅस्टिकच्या कॅनचा एक बोया करून ठेवला आहे, दगडाला बांधून. त्यांची होडी त्यालाच असते.

शेवटचं सांगणं कोल्हापूरच्या शाळांना आहे. दरवर्षी तुमच्या सहली मालवणला जातात. बसमधून उतरून मुलं बोटीत बसतात, किल्ल्यात जातात, परत बसमध्ये. त्याच मुलांना दोन तास शिडाच्या होडीत बसवलं तर भूगोलातले खारे-मतलई, इतिहासातलं आरमार आणि विज्ञानातला दाब, तिन्ही एकाच वेळी अंगाला लागतील. आपल्या नौदलातला दिलीप दोंदे 2009 ते 2010 मध्ये म्हादेई या शिडाच्या होडीतून एकटा पृथ्वीला फेरी मारून आला. ती होडी बांधली शेजारच्या गोव्यात, आपल्याकडून चार-पाच तासांच्या अंतरावर. 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य हे जहाज तर फळ्या काथ्याच्या दोरानं शिवून बांधलेलं आहे, खिळा नाही, इंजिन नाही. जहाज शिवलेलं! ती बातमी मी कापून दुकानात मशिनच्या वर लावली आहे. देशाचं नौदल ही विद्या जपतंय. मग मालवणच्या एका तांडेलाला चार पोरं शिडावर नेऊन हात तयार करायला आपण मोकळीक का देऊ नये? काकांचं वय सत्तरीच्या पुढं आहे. परमण कशी फिरवायची हे त्यांच्या गल्लीत आता आणखी दोघांनाच येतं, आणि ते दोघंही त्यांच्याहून मोठे आहेत.

ज्या शाळेला, मंडळाला किंवा होडी असणाऱ्या तांडेलाला हे करायचं असेल त्यांनी दुकानात यावं. पहिल्या होडीचं शीड मी शिवून देईन, शिलाई घेणार नाही. काकांचं जुनं फाटकं शीड मापासाठी मागून ठेवलं आहे आणि इचलकरंजीचं दोन थान कापड आणून कपाटावर ठेवलं आहे. फक्त होडीची लांबी मोजून आणावी, आणि परमणीची वेगळी.

आपला नियमित वाचक,
ताडपत्री शिवणारा,
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर